बिनधुराची शेगडी

"पेटली तरी धूर दिसणार नाही, ताई," दुकानदार म्हणाला आणि अनसूयेच्या अंगावर काटा आला.

डोंगरावरच्या त्यांच्या गावात धुराला बंदी आली होती. पाहुण्यांच्या खोलीसाठी ती आणि तिचा नवरा केरबा लाकडावर चालणारी नवी शेगडी बघत होते. केरबाला ही बिननळीची, सुटसुटीत शेगडी आवडली होती.

"माझ्या भाऊ-वहिनीच्या शेगडीलाही धूर नव्हता," ती म्हणाली. "नुसते लाल निखारे. थंडी म्हणून दोघांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. सकाळी किती हाका मारल्या मी! उठलीच नाहीत."

दुकानदाराने कोपऱ्यातली दुसरी शेगडी पुढे ओढली. तिला घट्ट दार होतं आणि विषारी वायू छपराबाहेर नेणारी उंच नळी. "ही न्या. हिचाही धूर दिसत नाही. मी स्वतः येऊन बसवतो."

नवी शेगडी पेटवली त्या पहिल्या संध्याकाळी पाहुण्यांची मुलं उबेत पेंगू लागली. अनसूया मात्र राहून राहून दारातून त्यांचा श्वास न्याहाळत होती. केरबाने तिची समजूत घातली नाही. त्याने आत जाऊन खिडकी वीतभर उघडली, "एवढी उघडीच राहू द्या," असं पाहुण्यांना सांगितलं आणि स्वतःची घोंगडी मुलांवर पांघरली.