पाटीवरचा ‘ख’

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं अर्धं यकृत काढून नऊ दिवस झाले होते. रोज सकाळी नर्सबाई त्याला कागदावर चांदणी काढायला लावायच्या आणि रोज ती चिरडलेल्या कोळ्यासारखी उमटायची. “उरलेलं यकृत वाढतंय, पण प्रथिनांतून निघणारा अमोनिया त्याला अजून आवरत नाही. तो डोक्यात चढतो, म्हणून हात भरकटतो,” डॉक्टरांनी सांगितलं होतं. बायकोला धास्ती वेगळीच होती. जन्मभर दिसेल त्या पाटीला नावं ठेवणारा हा माणूस खाटेसमोरच्या ‘शांतता राखा’कडे बघून चकार शब्द काढत नव्हता. दहाव्या दिवशी चांदणी रेखीव उमटली. नर्सबाई हरखल्या, पण बायकोचा जीव भांड्यात पडेना. तेवढ्यात पेंटर भिंतीकडे बघत करवादला, “तो ‘ख’ कुणा गाढवाने रंगवलाय? पोट सुटल्यासारखा दिसतो.” त्याच पाटीखालून बायको ओरडत धावली, “डॉक्टर, आमचे हे नावं ठेवायला लागले.”