गेट कोणत्या बाजूला

सकाळी आठ वाजता त्या तरुणानं कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली, तेव्हा पंचफुलाची इस्त्री अजून तापायची होती. त्याच्या मांडीवर कागद लावलेली पाटी होती आणि हातात अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं छोटं यंत्र. खुर्ची त्यानं रस्त्याला थोडी तिरपी, फुटपाथकडे तोंड करून ठेवली. रस्त्याकडून ऊन डोळ्यांवर येत असावं.

पंचफुलानं कोळशावर फुंकर मारली आणि दिराला फोन लावला.

"सुशील, आला गा तो मोजणारा. काढा ऑटो."

प्रताप नगरातल्या या कोपऱ्यावर तिचा इस्त्रीचा ठेला बावीस वर्षं उभा होता. मागच्या रिकाम्या प्लॉटवर आता चार मजली मॉल येणार होता. प्लॉटच्या पुढे एक रस्ता, मागे एक. गेट पुढून निघालं तर ते नेमकं तिच्या ठेल्याच्या जागेवर येणार. मागून निघालं तर तिला कोणी हात लावणार नव्हतं. समोरच्या इमारतीत राहणारे मधुसूदन काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. बातमी त्यांनीच आणली होती. गुरुवारी मोजणी आहे आणि ज्या रस्त्यावर आधीच गर्दी, तिथं गेट देत नाहीत.

म्हणजे एक दिवस रस्ता भरलेला दिसला की काम झालं.

"त्याच्यासंग बोलू नका वहिनी," सुशीलनं बजावलं होतं. "शंका आली तर पुन्हा मोजणी लावतीन."

सव्वाआठला सुशील आणि त्याच्या स्टँडवरचे सहा जण आले. सात ऑटो कोपऱ्यावरून गेले, चौकाला वळसा घालून परत आले. एका फेरीला चार मिनिटं लागत होती. पंचफुलानं कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता हिशेब केला. तासाला पंधरा फेऱ्या, एकशे पाच ऑटो.

तरुणाचा अंगठा मात्र हलला नाही.

थोड्या वेळानं घरकामाला निघालेल्या चार बायका बोलत बोलत त्याच्या समोरून गेल्या. त्याच वेळी दोन ऑटो हॉर्न वाजवत वळले. तेव्हा कुठं यंत्र टकटकलं.

"सात ऑटोनं त्याले फरक नाही पडून राहिला," तिनं सुशीलला थांबवून सांगितलं. "अन् हे लोक त्याच्या समोरून चालते. त्याले रोड दिसन कसा? आता कोणी पायी जायचं नाही. ज्याले जायचं, त्यानं गाडीवर."

पहिली सापडली गार्गी. पलीकडच्या गल्लीतून कपड्यांचं गाठोडं घेऊन ती रोजच्यासारखी चालत येत होती. पंचफुला धावत पुढे गेली.

"ताई, परत जा. स्कुटी घेऊन या."

"मावशी, शंभर पावलांसाठी स्कुटी?"

"घेऊन या ना. अन् जाताना चौकाले चक्कर मारून जा. आजची इस्त्री फुकट."

गार्गी हसली आणि स्कुटी घेऊन आली. दोन चकरा मारल्या, वर नवऱ्यालाही कार काढायला लावली.

मधुसूदन काका आणि त्यांच्यासोबत सकाळी फिरणारे चौघं कुरकुरले. "अवं पंचफुला, आमचा व्यायाम?"

"एक दिवस स्कूटरवर फिरा काका. पोट काही एका दिवसात नाही वाढत."

"तुला कोणी सांगितलं? याचं वाढते," काका शेजाऱ्याच्या पोटाकडे बोट करत म्हणाले. पाचही जण तीन स्कूटरवर बसले आणि चालण्याच्याच वेगानं, गप्पा न थांबवता, चौकाला फेऱ्या घालू लागले. मागून येणाऱ्यांची रांग लागली. पंचफुलाला तेच हवं होतं.

साडेदहाला शाळेची मुलं आली. रोज शंभरेक मुलं याच फुटपाथवरून जात. सुशीलनं अलीकडच्या वळणावरच ऑटो आडवे लावले.

"बसा रे पोट्टेहो. आज फुकट."

"खरंच फुकट, काका?"

"खरंच. पण शाळेत डायरेक्ट नाही जायचं. आधी दोन चकरा."

मुलं ओरडत चढली. एकही पाय फुटपाथवर पडला नाही.

दुपारपर्यंत रस्ता सीताबर्डीच्या बाजारासारखा दिसू लागला. ऑटो, स्कुट्या, कार, मध्येच एक पाण्याचा टँकर. तरुणानं डबा खाल्ला, खुर्चीत मागे रेलला. एकदा तर जांभई दिली.

"पाहिलं का?" सुशील ऑटोतून डोकं बाहेर काढून म्हणाला. "इतक्या गाड्या झाल्या का त्यानं मोजणंच सोडलं. आता तो अंदाजानं लिहीन."

"लिहू दे. अंदाज काही कमी नाही निघत," पंचफुला म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिला मोकळं वाटत होतं. "संध्याकाळी सगळ्याइले समोसे माझ्याकडून."

पाच वाजता शाळा सुटली, तेव्हाही मुलं ऑटोतूनच घरी गेली. सहा वाजता तरुणानं कागदावर वेळ लिहिली आणि खुर्ची उचलली. मोजणी संपली होती. आता बोलायला हरकत नव्हती. पंचफुलानं त्याला बोलावून कागदावर गरम समोसा दिला.

"नाव काय गा तुझं?"

"विक्रम."

"थकला असशील विक्रम. दिवसभर काय त्या गाड्या अन् काय ते हॉर्न."

"नाही हो मावशी. इतका आरामाचा दिवस कधी मिळत नाही." त्यानं समोशाचा घास घेतला. "गाड्या तर कॅमेऱ्यानं मागच्या आठवड्यातच मोजल्या, दोन्ही रस्त्यांवर जवळपास सारख्याच निघाल्या. म्हणून आज पायी चालणारे मोजले. गेटमधून गाड्या आत-बाहेर होणार, तर तिथं चालणारे कमीत कमी पाहिजेत."

पंचफुलाच्या हातातली इस्त्री थांबली.

"मागच्या रस्त्यावर चारशे बारा," विक्रम समाधानानं म्हणाला, "आणि तुमच्या समोरून अख्ख्या दिवसात एकोणीस."