बारावा शिक्का

पायी तीर्थयात्रा दोघांच्या नावाने नोंदवली होती. वाटाड्या नाही, फक्त नकाशा, रोज दोघांची खोली आणि मुक्कामागणिक शिक्का मारून घ्यायच्या दोन वह्या. अकरा मुक्कामांवर लोक विचारायचे, “काका मागून येताहेत वाटतं?” मी हसायचे, ते दोन्ही वह्यांवर शिक्का मारायचे. बोलले नाही म्हणजे यात्रेतलं खोटं न बोलण्याचं व्रत मोडत नाही, अशी मनाची समजूत घालायचे. शेवटच्या मुक्कामी टेबलामागच्या बाई आमच्या ह्यांच्या वहीवर शिक्का धरून थांबल्या. “काकांना बोलवा की, काकू. शेवटचा शिक्का माणूस बघूनच देते. दमलेत की रुसलेत?” मी हसायला गेले, जमलं नाही. “ते वारले,” मी म्हणाले. दीड महिन्यात हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले. “तरी मारू का?” त्यांनी हळूच विचारलं. “नको. चालत मीच आले.” मी वही मिटली. “ताई, आज खोली एकाच माणसाची द्या.”