सहा ते सात

“बाई, नुसतं बसून राहण्याचे पैसे कोणी देतं का हो?”

मालक असं म्हणाले आणि वकिलाकडे बघून हसले. लाँड्रीत एरवी “ए, इकडे ये” म्हणणारा माणूस कामगार कार्यालयाची पायरी चढल्याबरोबर “बाई” आणि “हो”वर आला होता. चला, एवढा तरी फायदा झाला, असं वाफवालीच्या मनात आलं.

वाफवाली म्हणजे लाँड्रीचा बॉयलर पेटवणारी. तिचं खरं नाव तक्रारीच्या अर्जावर होतं, पण लाँड्रीत ते कोणी घेत नसे. शेजारी तिची धाकटी जाऊ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. जाऊ आणि आणखी तिघी हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, इस्त्रीच्या मशीनमधून काढायच्या. पाचही जणी रोज सहाला हजर. हजेरीचं अंगठ्याचं मशीन मात्र मालक सातला सुरू करायचे. तीन वर्षं रोजचा एक तास असाच गिळला त्यांनी, ढेकरही न देता.

“सहा ते सात काय करता?” टेबलापलीकडच्या अधिकारी मॅडमनी विचारलं.

“मी कालचं पाणी सोडते, नवं भरते, बॉयलर पेटवते आणि मग वाफेच्या काट्यासमोरून हलत नाही. बाकीच्या चौघी कालच्या धुतलेल्या चादरी झटकून इस्त्रीच्या मशीनपुढे लावतात. मळक्या निवडतात. उशांचे अभ्रे उलटे करून बघतात. परवा एकातून कवळी निघाली.”

मॅडमना हसू आवरलं नाही. मालक हसले नाहीत.

“सगळ्या थापा. लाँड्री उघडते सातला. बॉयलर काय, दहा मिनिटांत वाफ देतो.”

दहा मिनिटं! या माणसाने आयुष्यात कधी काडी ओढली असेल तर शपथ. जावेने टेबलाखाली वाफवालीचा पाय दाबला.

“पुरावा आहे काही?” मॅडमनी विचारलं.

वाफवाली उभी राहिली. “त्या गठ्ठ्यात हिरवी वही असेल बघा. बॉयलरची.”

गठ्ठा मालकांनीच आणला होता. नोटिशीत ‘सर्व वह्या आणाव्यात’ असं लिहिलं होतं, आणि आपण किती नियमाने चालतो हे दाखवायला वकिलाने कपाटच रिकामं केलं होतं. हिरवी वही बॉयलर तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी. पेटवल्यापासून दर पंधरा मिनिटांनी काटा कितीवर आहे ते लिहायचं, नाहीतर परवाना गेला. वाफवाली शिकली सहावीपर्यंतच, पण तिचे आकडे टपोरे. प्रत्येक पानाखाली मालकांची सही.

“सहा दहा, पेटवला,” मॅडम वाचू लागल्या. “सहा पंचवीस, काटा शून्यावर. सहा चाळीस, एक. सहा पंचावन्न, तीन.” त्यांनी वीस-पंचवीस पानं उलटली. सगळीकडे तेच. “ही सही तुमचीच ना?”

“मॅडम, ती सुरक्षेची वही आहे. हजेरीची नाही!”

“घड्याळ तर एकच आहे ना? तुम्ही बोलावलं म्हणून बाई तिथे आली, तर तो वेळ कामाचाच. कायदा तेच सांगतो. नाहीतर ही वही खोटी आहे असं लिहून द्या, मी ती तपासणीवाल्यांकडे पाठवते.”

मालकांचा चेहरा पडला. वकील त्यांच्या कानाला लागला. मग मालक पुढे सरकले.

“ठीक आहे. वहीत अक्षर हिचं एकटीचं आहे. हिचे तीन वर्षांचे पैसे आत्ता देतो, इथेच चेक फाडतो. बाकीच्या चौघींनी अर्ज मागे घ्यायचा.”

तेवढ्या रकमेत वाफवालीच्या मुलीच्या नर्सिंगची वर्षाची फी निघाली असती. तिला ते पैसे हवे होते, खोटं कशाला बोला.

“घ्या जाऊबाई,” जाऊ कुजबुजली. “एकीचं तरी होऊ दे. मी काही मनात धरणार नाही.”

“तू नाही धरलंस तर मी धरीन. गप बस.” मग ती मालकांकडे वळली. “मालक, सातला इस्त्रीचं मशीन सुरू होतं तेव्हा चादरी काय आपापल्या पायांनी चालत येऊन उभ्या राहतात? द्यायचं तर पाचही जणींचं द्या.”

मालकांचं “बाई” तिथेच संपलं. “मग उद्यापासून सातलाच या सगळ्या! एक मिनिट आधी आलात तर दार उघडणार नाही!”

“बरं,” वाफवाली म्हणाली. “सातला येऊ. सातला पेटवीन, आठला पहिली चादर निघेल. मोठ्या हॉटेलची गाडी साडेसातला दारात असते. त्यांना आजच कळवून ठेवा.”



“वाफ दहा मिनिटांत येते ना?” वकिलाने मालकांना हळूच विचारलं.

मालकांनी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे नुसतं बघितलं, परत ठेवला. मग टेबलाकडे बघत म्हणाले, “सहालाच या.”

“कोणी?”

“तू.”

“एकटीनेच?”

मालकांनी हिरवी वही दूर सारली. “पाचही जणींनी.”

“मॅडम,” वाफवाली म्हणाली, “हे लिहून घ्या. सहाला पाचही जणी लागतात, मालकांच्या तोंडचं.”

आणि मॅडमचं लिहून होईपर्यंत ती खाली बसली नाही.