उपडं ताट
प्लंबरच्या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेचा एक नियम होता, तोही त्यानंच घातलेला: ज्यानं कुणाचं मन दुखवलं, त्याचं ताट उपडं, माफी मागितल्यावरच सरळ. "आधी भावाशी समेट, मग देवापुढे हात जोडा, असं येशूनं सांगितलंय," तो पोरांना ऐकवायचा. आजवर उपडी झाली ती पोरांचीच ताटं. आज त्याचं होतं. "सकाळी फोनवर काकांना नाही नाही ते बोललात," नऊ वर्षांची लेक म्हणाली. "चूक त्याची होती," म्हणत त्यानं ताट सरळ केलं. लेकीनं ते पुन्हा उपडं केलं, आणि स्वतःचंही. मग धाकट्या पोरानं. मग बायकोनंसुद्धा. भाजी निवत चालली. शेवटी त्यानं धुसफुसत भावाला फोन लावला. "जेवलास का रे?" एवढं विचारून त्यानं ताटाकडे हात नेला. लेकीनं ताटावर तळवा दाबला. "याला माफी म्हणत नाहीत, पप्पा."