स्टिअरिंगवरचा गिअर

पंजाब पेटला होता आणि चंदीगडची शहाणी माणसं दिवेलागणीच्या आत दारं लावून घेत होती. निवृत्त मेजर विश्राम सुर्वे मात्र लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जुनाट ट्रकखाली आडवे झालेले असत. वर्षभर खपून त्यांनी स्टिअरिंगचा डगडगणारा दांडा घट्ट बसवला आणि खालची गिअरची दांडी उचलून थेट स्टिअरिंगलाच जोडली.

पहिल्याच फेरीत, पिंजौरच्या रस्त्यावर, दोघा बंदूकवाल्यांनी ट्रक अडवला. मेजर आणि त्यांची बायको शालिनी हात वर करून कडेला उभे राहिले. एकजण स्टिअरिंगवर बसला. त्याने दांडी ओढली, ढकलली, शिव्या घातल्या, पण गिअर काही पडेना.

“खटारा है, छोड़ यार,” म्हणत तो उतरू लागला. शालिनीच्या जिवात जीव आला.

“खटारा?” मेजरांचा आवाज चढला. “क्लच पूरा दबाओ जी! लीवर अपनी तरफ खींचो, फिर नीचे!”



ट्रक वळणाआड दिसेनासा झाला, तेव्हा मेजर हात वर ठेवूनच बायकोला म्हणाले, “ऐकलंस? दुसरा गिअर कसा लोण्यासारखा पडला!”