ज्याच्या नावाचं बटण
स्कॅन केलेला कागद नेटवर्कवर ज्याच्या-त्याच्या फोल्डरमध्ये थेट जावा म्हणून मेकॅनिक झेरॉक्स मशीनच्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावाचं बटण बनवत होता. “साहेब, नावं सांगता?” साहेबांनी कामात बुडालेल्या तिघांकडे हनुवटीने खूण केली. “ती रडकी. तो ढोल्या. कोपऱ्यातला बहिरा.” “अहो, खरी नावं...” “सांगतो तेच टाइप कर. अक्कल पाजळू नकोस.” मेकॅनिकने इमानेइतबारे तेच टाइप केलं. “आणि तुमचं बटण?” “मला कशाला? माझे कागदही हेच स्कॅन करतात.” साहेब जेवायला गेले. तिघं मशीनभोवती जमली, स्क्रीनवरची आपापली नावं वाचली. ढोल्याने पोट आत ओढलं. रडकी मात्र रडली नाही. “दादा, साहेबांचंही एक बटण करा,” ती म्हणाली. “नाव काय देऊ?” कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. “आयतोबा!” तिघं एका सुरात ओरडली, त्यात बहिऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा.